पहिल्या मताची फेरतपासणी

बालसंरक्षणावर मराठीत जे लिहिले जाते ते बहुतेक दोन प्रकारचे असते: घटना घडून गेल्यावरचा संताप, नाहीतर कायद्याच्या कलमांचा सारांश. २०२४च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेतला प्रकार उघडकीला आला, लोक रेल्वेरुळांवर उतरले आणि पुढचे कित्येक दिवस आरोपीची शिक्षा, शाळेची जबाबदारी, गुन्हा नोंदवून घ्यायला झालेला उशीर यांवर सारा महाराष्ट्र बोलत होता. ते बोलणे आवश्यकच होते. पण अशा प्रत्येक घटनेनंतर संताप ओसरला की जे काम सुरू होते आणि महिनोन् महिने चालते, त्याविषयी आपल्याला जवळजवळ काहीच ठाऊक नसते. मुलाच्या घरी कोण जाते? आईशी कोण बोलते, आणि बोलताना शेजारी कोण बसलेले असते? मूल घरी ठेवायचे की बालगृहात पाठवायचे, हे कशाच्या आधारावर ठरते? हे ज्याच्या हातून घडते तो समाजकार्यकर्ता या पुस्तकाचा विषय आहे. त्यातही पोरसवदा, नुकता पदवी घेऊन आलेला नव्हे. दहा-पंधरा वर्षे याच कामात मुरलेला, ज्याच्याकडे नव्याने आलेले अडलेल्या प्रकरणात सल्ल्याला जातात तो ज्येष्ठ. माझे म्हणणे असे की बालसंरक्षणाच्या साऱ्या यंत्रणेत या ज्येष्ठाचे एक काम असे आहे की जे दुसरे कोणीही करू शकत नाही: स्वतःच्याच खात्याने बनवलेले पहिले मत पुन्हा तपासायला घेणे. आणि आपल्याकडच्या रचनेत बाकी सगळे लिहून ठेवलेले असताना नेमका हाच माणूस राहून गेला आहे.

हे मत बनते कसे, ते आधी पाहायला हवे. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक सापडले की प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीसमोर आणावे लागते. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, आणि तिला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. समिती सामाजिक तपासणी अहवाल मागवते. तो पंधरा दिवसांत पूर्ण व्हावा आणि चार महिन्यांच्या आत अंतिम आदेश निघावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. समिती मुलाशी बोलते, पालकांना बोलावते. पण घर पाहिलेले असते ते अहवाल लिहिणाऱ्याने. खोली केवढी आहे, घरात मिळवते कोण, दारू आहे का, शाळेतल्या बाई काय म्हणतात, शेजारीण कोणत्या प्रश्नाला गप्प झाली, हे सगळे त्या पाच-सहा पानांतून समितीपर्यंत पोहोचते. नमुन्यातले रकाने ठरलेले असतात, आणि रकाना भरताना माणूस नकळत एक गोष्ट रचत जातो. सावत्र आई, वडिलांचे व्यसन, मुलगा दोनदा पळालेला, एवढे तीन शब्दसमूह ओळीने आले की वाचणाऱ्याच्या मनात निष्कर्ष तयारच असतो. वास्तविक मुलगा शाळेतल्या मारामुळे पळत असेल, आणि त्या घरात त्याला जवळ घेणारी एकटी ती सावत्र आईच असेल. पहिल्या अहवालात आलेली गोष्ट पुढच्या प्रत्येक कागदावर उतरत जाते. बदलीवर आलेला नवा कार्यकर्ता फाईल वाचूनच घरी जातो, आणि फाईलमध्ये जे वाचले तेच त्याला तिथे दिसते.

हा माझा तर्क नाही. याचा अभ्यास झालेला आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या आयलीन मन्रो यांनी १९९९ साली ब्रिटनमधल्या ४५ चौकशी अहवालांची छाननी केली. १९७३ ते १९९४ या काळातल्या, मुले दगावल्यावर किंवा प्रकरणे हाताबाहेर गेल्यावर झालेल्या त्या चौकशा होत्या. त्यांतून वारंवार वर आलेली गोष्ट आळस किंवा बेफिकिरी ही नव्हती. एकदा बनलेले मत बदलायला लोक फार उशीर लावतात, ही होती. मताला पुष्टी देणारी माहिती चटकन पटते, विरोधी माहिती शंकेने पाहिली जाते, आणि जुन्या फाईलमधले पुरावे नव्या पुराव्यांशेजारी मांडून कोणी पाहतच नाही. व्हिक्टोरिया क्लिंबीए या आठ वर्षांच्या मुलीचे प्रकरण हे याचे सर्वांत क्लेशदायक उदाहरण म्हणावे लागेल. आयव्हरी कोस्टमधून आईवडिलांनी शिक्षणासाठी म्हणून नातलग बाईबरोबर पाठवलेली ही मुलगी १९९९च्या वसंतात लंडनला आली आणि फेब्रुवारी २००० मध्ये मरण पावली, तेव्हा तिच्या अंगावर १२८ जखमा होत्या. मधल्या दहा महिन्यांत ती समाजकल्याण विभागांना, पोलिसांना, दोन रुग्णालयांना माहीत होती. एका रुग्णालयात तिच्या अंगावरच्या खुणा खरजेच्या आहेत असे एका वरिष्ठ डॉक्टरने ठरवले, आणि त्या एका निदानाने संशयाचा सूर बदलला. पोलिसांनी दिलेले संरक्षण उठले, मुलगी परत त्याच घरी गेली. पुढे तर खरूज लागेल या भीतीने घरभेटही टळली. लॉर्ड लेमिंग यांच्या २००३च्या अहवालात हस्तक्षेप करता आला असता असे किमान बारा प्रसंग मोजून दाखवले आहेत. प्रत्यक्ष काम पाहणारी कार्यकर्ती अननुभवी होती आणि तिच्यावर देखरेख करणाऱ्यांनी फाईल नीट वाचलेली नव्हती. अनुभवी नजरेच्या एखाद्याने, खरूज असली तरी बाकीच्या खुणांचे काय, एवढे विचारले असते तर, असे वाटून जीव तुटतो.

त्यानंतर ब्रिटनने जे केले ते आपण मुद्दाम पाहण्यासारखे आहे, कारण आपणही त्याच वाटेने निघालो आहोत. लेमिंग यांनी १०८ शिफारशी केल्या, २००४ साली नवा कायदा झाला, नमुने वाढले, मुदती ठरल्या, संगणकप्रणाल्या आल्या. आणि ऑगस्ट २००७ मध्ये त्याच लंडनच्या हॅरिंगे भागात पीटर कॉनेली हे सतरा महिन्यांचे मूल मरण पावले. त्याच्या अखेरच्या आठ महिन्यांत निरनिराळ्या खात्यांच्या लोकांनी त्याला साठेक वेळा पाहिले होते. भेटी झाल्या होत्या, कागद भरले होते. आई सहकार्य करते आहे हे पहिले मत मात्र हलले नव्हते. प्रकरण गाजल्यावर लंबक दुसरीकडे गेला. २००८च्या अखेरीपासून इंग्लंडमध्ये मुले ताब्यात घेण्यासाठी न्यायालयांत होणारे अर्ज झपाट्याने वाढले. उलट टोकाची चूकही त्या देशाने आधीच पाहिली होती. १९८७ साली क्लीव्हलँड परगण्यात काही महिन्यांतच १२१ मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याचे निदान झाले आणि त्यांना घरांतून उचलले गेले. निदान ज्या शारीरिक लक्षणावर उभे होते त्यावर एवढी भिस्त ठेवणे चूक होते, असे पुढे न्यायमूर्ती बटलर-स्लॉस यांच्या चौकशीत दिसले, आणि बहुतेक मुलांना घरी पाठवावे लागले. मूल घरी ठेवण्यात चूक होऊ शकते आणि घरातून काढण्यातही होऊ शकते. दोन्ही चुकांच्या मुळाशी तेच एक असते, न तपासलेले पहिले मत. म्हणूनच २०११ साली सरकारने मन्रो यांच्याकडूनच यंत्रणेचा आढावा करून घेतला तेव्हा त्यांनी नियमांची आणखी भर सुचवली नाही. कामाचे नमुने भरण्यात कार्यकर्त्याची विचारशक्ती खर्च होते आहे, असे त्यांनी बजावले आणि प्रत्येक स्थानिक प्राधिकरणात एक मुख्य बाल-कुटुंब समाजकार्यकर्ता नेमावा असे सुचवले: पदाने वरिष्ठ, पण प्रत्यक्ष कुटुंबांबरोबरचे काम न सोडलेला. या शिफारशीतला दुसरा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. बढती म्हणजे टेबलामागे जाणे, अशी रीत जिथे असते तिथे अनुभवी माणूस मुलापासून दूर जातो आणि सर्वांत कोवळा माणूस सर्वांत कठीण दारात उभा राहतो.

आता आपल्याकडे पाहू. या क्षेत्रात महाराष्ट्राचा वारसा मोठा आहे. मुंबईचा बाल अधिनियम १९२४चा. मद्रास आणि बंगालपाठोपाठ देशातला तिसरा. चिल्ड्रन्स एड सोसायटी १९२७ साली उभी राहिली, आणि १९३६ साली क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले, जे आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. पुण्यात १९६३ पासून कर्वे समाज सेवा संस्था आहे. १०९८ ही चाइल्डलाइनही १९९६ साली मुंबईतच, टाटा संस्थेचा प्रकल्प म्हणून जन्मली. म्हणजे शिकलेली माणसे आपल्याकडे कमी नाहीत. प्रश्न आहे तो ती टिकण्याचा. २००९ साली एकात्मिक बाल संरक्षण योजना आली आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष स्थापन झाले. आज तीच रचना मिशन वात्सल्य या नावाने चालते. कक्षाच्या मूळ आकृतिबंधात जिल्हा बाल संरक्षण अधिकारी, दोन संरक्षण अधिकारी, एक विधी तथा परिविक्षा अधिकारी, एक समुपदेशक, दोन सामाजिक कार्यकर्ते आणि दोन क्षेत्र कार्यकर्ते आहेत. २०११च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाखांवर होती आणि गडचिरोलीची १०.७ लाख, पण गडचिरोलीचा विस्तार १४ हजार चौरस किलोमीटरहून अधिक, आणि पावसाळ्यात भामरागडचा रस्ता बंद होतो. एका ठिकाणी माणसांचा लोंढा, दुसऱ्या ठिकाणी अंतर, आणि दोन्हीकडे मूळ आकृतिबंध तोच. ही पदे बहुतांशी कंत्राटी, मानधनावरची. मिशन वात्सल्यच्या मार्गदर्शक सूचनांत सामाजिक कार्यकर्त्याचे मासिक मानधन १८,५३६ रुपये आणि क्षेत्र कार्यकर्त्याचे १०,५९२ रुपये आहे. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेला माणूस इथे दोन-तीन वर्षे शिकतो आणि एखाद्या कंपनीच्या सामाजिक निधीच्या प्रकल्पावर किंवा स्पर्धा परीक्षेकडे निघून जातो. त्याला मी दोष देणार नाही. समितीच्या सदस्यांची मुदतही तीन वर्षांची. म्हणजे अहवाल लिहिणारा तात्पुरता आणि तो वाचून आदेश देणाराही तात्पुरता. अशा रचनेत पहिले मत तपासणार कोण? मुलाला मात्र त्या मताबरोबर अठराव्या वर्षापर्यंत राहायचे असते.

यावर पहिला आक्षेप येतो तो कुटुंबाच्या नावाने. मुले आईबापांपासून तोडणे ही पाश्चात्त्यांची रीत, आपल्याकडे आजी, मामा, काका आहेत, सरकारी माणसाने घरात डोकावण्याचे कारण काय? २०११ साली नॉर्वेत एका भारतीय दांपत्याची दोन मुले काढून घेतली गेली तेव्हा हा सूर फार वर लागला होता, आणि त्या देशाच्या बालकल्याण खात्यावरचे सगळेच आक्षेप पोकळ नव्हते. २०१९ साली युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या मोठ्या पीठानेही अशाच एका खटल्यात नॉर्वेविरुद्ध निर्णय दिला. पण या आक्षेपातून काढला जाणारा निष्कर्ष मला मान्य नाही. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली महाराष्ट्रासह १३ राज्यांत १२,४४७ मुलांशी बोलून अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दर तीन मुलांपैकी दोघांनी मारहाण सोसल्याचे आणि निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखालील बलात्काराच्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात, हे राष्ट्रीय गुन्हे नोंदीतून वर्षानुवर्षे दिसते. मामा-काका हे आधार असतात तसे कधी धोकाही असतात. कोणता मामा कोणत्या घरात काय आहे, हे कुटुंबसंस्थेवरच्या श्रद्धेने कळत नाही. घरात जाऊनच कळते. शिवाय आपला कायदा कुटुंबविरोधी मुळीच नाही. मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, ही त्याच्या मूलभूत तत्त्वांतलीच दोन आहेत. मुलाला घरी ठेवण्याचे धाडस करतो तो अनुभवी माणूस. नवख्याला बालगृह सुरक्षित वाटते, कारण मूल तिथे गेले की फाईल सुरक्षित होते. घरी ठेवायचे तर आजीला बालसंगोपन योजनेचे पैसे मिळवून द्यावे लागतात, शाळेत पुन्हा नाव घालावे लागते, आणि दर पंधरवड्याला जाऊन पाहावे लागते. बीड-जालन्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाची मुलगी मागे कोणाकडे राहणार, हा प्रश्न सुटला नाही तर तिचे लग्न लावून देणे हाच आईबापांना सुरक्षित मार्ग वाटतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. मांडवात जाऊन लग्न थांबवता येते. पण थांबवलेले लग्न पुढच्या महिन्यात दुसऱ्या तालुक्यात लागू नये, यासाठी त्या घराची अडचण समजून घेणारा आणि तिथे परत परत जाणारा माणूस लागतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्येष्ठ माणसाच्या निर्णयबुद्धीवर एवढा विश्वास टाकायचा, तर तोच भ्रष्ट निघाला तर? बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या मुलींच्या निवारागृहाच्या खटल्यात जानेवारी २०२० मध्ये १९ जण दोषी ठरले. त्यांत जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीचा माजी अध्यक्ष होता आणि बाल संरक्षण अधिकारीही होता. कुंपणानेच शेत खाल्ले. या प्रकरणातून लोक असा धडा काढतात की माणसांवर विसंबू नका, कॅमेरे बसवा, तपासणीचे नमुने वाढवा. पण तिथे तपासण्या होतच होत्या. संस्थेला अनुदान मिळत होते, अधिकाऱ्यांच्या भेटींची नोंद होत होती. प्रकार बाहेर आला तो राज्याच्या समाजकल्याण विभागाने टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ या गटाला सामाजिक अंकेक्षण करायला सांगितले तेव्हा. त्या गटातल्या प्रशिक्षित लोकांनी मुलींशी बोलण्यासाठी वेळ दिला, आणि २०१८ साली दिलेल्या अहवालात, इथे काहीतरी गंभीर घडते आहे, असे स्पष्ट लिहिले. संस्था ठीक आहे या पहिल्या मताला बाहेरून आलेल्या जाणत्या नजरेने धक्का दिला. मी ज्येष्ठाचा जो अधिकार मागतो आहे तो एकट्याने गुपचूप निर्णय घेण्याचा नाही. त्याने काय पाहिले, कशावरून काय मानले, आणि कोणती गोष्ट समोर आली तर आपण मत बदलू, हे फाईलमध्ये लिहून ठेवावे, आणि ते दुसऱ्या जिल्ह्यातल्या त्याच्याच तोलाच्या माणसाने ठरावीक काळाने वाचावे. नमुन्यात आज या शेवटच्या प्रश्नासाठी जागाच नाही. लिहिलेली कारणमीमांसा तपासता येते. ‘घरची परिस्थिती समाधानकारक’ या शब्दांत तपासण्यासारखे काहीच नसते.

वर्षे गेली की माणसे निबर होतात, असाही एक आक्षेप आहे. रोज तेच दुःख पाहून ज्येष्ठाच्या मनाला घट्टे पडतात, विशिष्ट वस्तीतली, विशिष्ट जमातीची कुटुंबे अशीच, असे पूर्वग्रह पक्के होतात. पारधी वस्तीतल्या किंवा रेल्वे फलाटावरच्या मुलांबद्दल सरकारी कागदांत जी भाषा आढळते ती पाहिली की हा आक्षेप हवेतला नाही हे पटते. नुसत्या वर्षांच्या संख्येने ज्येष्ठता येत नाही, हे मान्यच आहे. पण निबरपणावर उपाय म्हणून दर अकरा महिन्यांनी नवा माणूस आणणे म्हणजे पूर्वग्रहाच्या जागी अज्ञान बसवणे. ज्येष्ठालाही कोणाकडे तरी आपली प्रकरणे नेऊन मोकळेपणी बोलता आले पाहिजे, त्याच्या हाती किती मुले असावीत याला मर्यादा पाहिजे, आणि त्याला मिळणारा पगार त्याच्या जबाबदारीला शोभेल असा पाहिजे. पैशाचा आक्षेप मी थोडक्यात संपवतो: प्रत्येक जिल्ह्यात अशी दोन कायम पदे निर्माण करायला राज्याला येणारा खर्च हा त्याच्या अर्थसंकल्पात शोधूनही सापडणार नाही एवढा लहान आहे.

अशा माणसाचा दिवस प्रत्यक्षात कसा जातो, ते पुढच्या प्रकरणांत विस्ताराने येईल. इथे एवढेच नोंदवतो की त्यातला मोठा भाग प्रश्न विचारण्यात जातो. तू मुलाला एकटे भेटलास का? भेटलास तर कुठे, घरात की शाळेत? मागच्या अहवालात आजी आजारी असल्याचे लिहिले होते, मग आता सांभाळते कोण? पॉक्सोचा खटला सुरू असताना मुलीला न्यायालयात सोबत करणारी आधार व्यक्ती नेमली का, की फक्त नाव लिहिले? ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या आधार व्यक्तींबाबत सविस्तर निर्देश दिले, पण निर्देश पाळले गेले की कागदावर उरले, हे विचारायला जिल्ह्यात कोणीतरी असावे लागते. आणि मूल अठरा वर्षांचे होऊन बालगृहातून बाहेर पडते तेव्हा? कायदा त्याला एकविसाव्या वर्षापर्यंत, अपवादाने तेविसाव्यापर्यंत, अनुरक्षणाची सोय देतो. त्या वेळी बँकखाते, आधारकार्डावरचे नाव, जातीचा दाखला, वसतिगृहातला प्रवेश या सगळ्यांसाठी त्याची गोष्ट पहिल्यापासून ठाऊक असलेला निदान एक अधिकृत माणूस लागतो. आज त्या मुलाच्या फाईलवर सात-आठ वेगवेगळ्या सह्या असतात, आणि सह्या करणाऱ्यांपैकी एकही त्या कार्यालयात उरलेला नसतो. हे पुस्तक ज्यांच्यासाठी आहे त्या समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना आणि समित्यांच्या सदस्यांना माझी विनंती आहे की त्यांनी पुढची प्रकरणे वाचताना प्रत्येक ठिकाणी थांबून पाहावे: इथे पहिले मत कोणाचे होते, ते कधी बदलले, आणि बदलायला लावणारा माणूस त्या वेळी नोकरीवर होता का.